मामांच्या हातावरचा कापूस

आमच्या कार्यालयाने यंदा हिपॅटायटिस जनजागृती पंधरवडा साजरा केला आणि तो शंभर टक्के यशस्वी झाला. जागृती विभागाचा प्रमुख या नात्याने मी हे अधिकाराने सांगू शकतो. तपासणीची पाचशे किट आली होती. पाचशेच्या पाचशे सुस्थितीत शिल्लक आहेत.

पोस्टरसाठी चेहरा हवा होता. मोठ्या साहेबांना सुईची भीती आणि मला वेळ नाही, म्हणून जीपच्या ड्रायव्हरची निवड झाली. त्यांना सगळे मामा म्हणतात. मामांना खुर्चीत बसवलं, बाही वर केली, कोपराच्या खळगीत कापसाचा बोळा चिकटवला आणि हसायला सांगितलं. मामांनी विचारलं, रक्त कधी घेणार? फोटोग्राफर म्हणाला, गरज नाही, फोटोत ते दिसत नाही. दोन दिवसांत मामा शहरभर झळकले : ‘मी तपासून घेतलं. निश्चिंत झालो. तुम्ही?’

पंचाईत पुढेच झाली. मामांचा धाकटा भाऊ यकृताच्या आजाराने गेला होता. लहानपणी दोघांनाही एकाच कंपाउंडरने एकाच सुईने इंजेक्शनं टोचली होती. भावाचं निदान झालं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. त्यामुळे मामांना खरोखरच तपासणी करून हवी होती. जागृती मोहिमेत असा माणूस सहसा सापडत नाही, आणि सापडलाच तर काय करायचं याची कार्यपद्धती आमच्याकडे नव्हती.

मामा प्रयोगशाळेच्या खिडकीशी गेले. तिथल्या बाईंनी रजिस्टर उघडलं. पोस्टर छापायला नोंद लागते, म्हणून ती मीच आधी करून ठेवली होती : तपासणी झाली, निकाल निगेटिव्ह. एका माणसाची एकच तपासणी, असा नियम. बाई भल्या होत्या. जुनी नोंद रद्द करून आणा, लगेच रक्त घेते, असं त्या म्हणाल्या.

मामा माझ्याकडे आले. मी त्यांना शांतपणे समजावलं की नोंद रद्द केली तर पोस्टर खोटं ठरेल, पोस्टर खोटं ठरलं तर जनतेचा विश्वास उडेल आणि विश्वास उडाला तर लोक तपासणीला यायचे बंद होतील. तसं कोणी येत नव्हतंच, पण प्रश्न तत्त्वाचा होता.

शेवटी मामींनीच त्यांना दुसऱ्या दवाखान्यात नेलं. आठवड्याने मामांनी माझ्या टेबलावर रिपोर्ट ठेवला : हिपॅटायटिस सी. मी तो सहानुभूतीने वाचला आणि कार्यालयाच्या निकालाशी विसंगत निकाल आणण्याची पूर्वपरवानगी घेतली होती का, असं विचारलं. मग समिती बसली. आमचा निकाल तारखेने आधीचा असल्यामुळे तोच ग्राह्य धरण्यात आला. मामांनी कार्यालयीन वेळेत निगेटिव्ह राहावं आणि उपचार सुटीच्या दिवशी घ्यावेत, असं ठरलं.

मामा भांडले नाहीत, याचं मला जरा वाईटच वाटलं. भांडणाचा अर्ज निकाली काढता येतो.

“डॉक्टर म्हणाले, वेळेत कळलंय, औषधाने बरा होईन. माझं सोडा,” ते म्हणाले. “पण तेवढी पोस्टरं उतरवा, साहेब. लोक माझ्याकडे बघतात आणि निश्चिंत होऊन घरी जातात.”

मी म्हणालो, मोहिमेचा हेतूच तो होता.

“तुम्ही केलीत का तपासणी?”

“मला कुठे काय होतंय?”

“मलाही काही होत नव्हतं,” मामा म्हणाले. “भावालाही नव्हतं.”

खोटं कशाला बोलू, मी उठून प्रयोगशाळेच्या खिडकीच्या दिशेने चार पावलं टाकलीसुद्धा. तेवढ्यात अहवाल पाठवायची मुदत आठवली. परत बसलो आणि ‘एका लाभार्थ्याशी सखोल चर्चा’ अशी ओळ त्यात घातली. लिहून झाल्यावर बरं वाटलं.

पोस्टरं अजून आहेत. तुम्ही तर इथवर वाचलंत, मामांसाठी हळहळलात, माझ्यावर चिडलात. आमच्या व्याख्येप्रमाणे तुम्ही आता जागृत नागरिक आहात आणि तुमची संख्या मी अहवालात धरली आहे. तपासणीची खिडकी दहा ते पाच उघडी असते. बाईंना वाटतं, तुम्ही याल. मला मात्र तुमची खात्री आहे. तुम्हाला तरी कुठे काय होतंय?