परसों नेलेली शिडी

"लिही," एकनाथराव म्हणाले. "मी, एकनाथराव, नजर घारीची, कान सशाचे, बुद्धी…"

इथे ते अडले. बुद्धीसाठी कोणता प्राणी घ्यावा हे त्यांना ठरवता येईना. लिहून घेणाऱ्या त्यांच्या पत्नी सुशीलाबाईंना दोन-तीन सुचले होते, पण त्यांनी सांगितले नाहीत. शेवटी "बुद्धी माझी स्वतःची" असं ठरलं आणि त्यांनी ते निमूटपणे वहीत उतरवलं.

एकनाथराव परभणीला जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं होते. तिथे हरवलेल्या फायली शोधण्यात आपला हात धरणारा कोणी नव्हता, असं ते सांगत. एकंदर तीन फायली त्यांनी शोधल्या. दोन त्यांच्याच टेबलाखाली होत्या. निवृत्तीनंतर मुलाने निजामाच्या शहरात, अंबरपेठेत फ्लॅट घेतला, दोघांना तिथे आणून बसवलं आणि स्वतः बदली होऊन पुण्याला निघून गेला. दारावर लगेच पाटी लागली: 'एकनाथराव, खाजगी गुप्तहेर. वेळ चार ते सहा.' दुपारची झोप झाल्याशिवाय त्यांना गुन्हेगारांविषयी राग येत नसे.

चोवीस बिऱ्हाडांच्या त्या इमारतीत गुन्हा घडला तो असा. पाण्याची टाकी धुणारा माणूस आला आणि त्याने शिडी मागितली. गच्चीवर आठ फुटी लोखंडी शिडी असे, ती नव्हती. माणूस निघून गेला, टाकी तशीच राहिली. चार दिवसांत नळाच्या पाण्याला वास यायला लागला आणि लोक एकमेकांशी वाकडं बोलायला लागले.

पहिल्याच दिवशी एकनाथरावांनी सिद्धांत मांडला. "ज्याने शिडी चोरली तो बुटका आहे. उंच माणसाला शिडी कशाला हवी?" दुसऱ्या दिवशी त्यांना वाटलं की शिडीचे तुकडे करून ती पायरी-पायरीने बाहेर नेली असावी. म्हणून ते भंगारवाल्याची उलटतपासणी घ्यायला गेले आणि जुना टेबलपंखा घेऊन परत आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी वॉचमन यादगिरीचा जबाब घेतला. तो बुटका होता, हे त्यांनी घरी आल्याआल्या बायकोला खुणावून सांगितलं.

जबाब त्यांनी वहीत स्वतः लिहिला: 'परवा प्रशांत यांनी शिडी नेली, असे आरोपी म्हणतो.' प्रशांत म्हणजे चौदा नंबर. त्याला फोन लावला. परवा तू शिडी नेलीस का, असं विचारलं. तो म्हणाला, "काका, परवा मी नांदेडात मेव्हणीच्या हळदीला होतो." पुरावा म्हणून त्याने तीस फोटो पाठवले. सगळ्यांत तो पिवळाधमक होता.

"संपलं," एकनाथराव म्हणाले. "यादगिरी खोटं बोलतो. रविवारी सभेत त्याला काढायचा ठराव येईल."

सुशीलाबाईंच्या हातातली भाजीची सुरी थांबली. यादगिरी बायको, मुलगी आणि म्हाताऱ्या सासूसह जिन्याखालच्या खोलीत राहायचा. नोकरी गेली की खोलीही जाणार. मुलगी इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे आपल्या बारावीला होती, परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. दिवे गेले की ती सुशीलाबाईंच्या बाल्कनीत येऊन वाचत बसे.

"आणि त्याने नेलीच नसेल तर?"

"ते गौण आहे," एकनाथराव म्हणाले आणि त्यांनी पुस्तक काढलं.

हे पुस्तक त्यांना आबिड्सच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात रविवारी फुटपाथवर मिळालं होतं. विषय उपयुक्ततावाद. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख ज्यात आहे ते योग्य, आणि शिक्षा हे मुळात एक दुःखच, तेव्हा तिच्यातून त्याहून मोठं सुख निघत असेल तरच ती द्यावी, असं त्यात होतं. एकशे बाराव्या पानावर 'या विचारावरील आक्षेप' असा मथळा होता. पुढची पानं फाटलेली होती. त्यामुळे एकनाथरावांच्या लेखी या विचारावर आक्षेप नव्हते.

"चोवीस बिऱ्हाडं अस्वस्थ आहेत," ते म्हणाले. "कुणाला तरी शिक्षा झाली की चोवीस सुखी. एक यादगिरी दुःखी. उरले तेवीस."

"बायको, मुलगी?"

"एकवीस."

"सासू असते त्यांच्याकडे."

"वीस," एकनाथराव किंचित नाराजीने म्हणाले. "तरी बहुमत आहे."

रविवारी खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. हिम्मतराव अध्यक्ष. त्यांना सभा लवकर आटोपायची होती, कारण वर बिर्याणी दमावर होती. प्रशांत आदल्या रात्रीच नांदेडहून आला होता, बायको निशिगंधा शेजारी बसली होती. यादगिरी खांबाला टेकून उभा होता. त्याला बसायला कोणी सांगितलं नव्हतं.

एकनाथरावांनी वही वाचली, घार आणि ससा यांच्यासकट. मग उपयुक्ततावाद सांगितला. धाक बसण्यासाठी शिक्षा हवी आणि ती वेळेवर हवी, गुन्हेगार सोयीने सापडेल, असं त्यांचं म्हणणं होतं. लोकांना ते पटायला लागलं, कारण पाण्याला फारच वास येत होता. हिम्मतराव हात वर करायला सांगणार, एवढ्यात सुशीलाबाई उठल्या.

त्यांना एवढंच हवं होतं की त्या माणसाचं म्हणणं त्याच्या तोंडून ऐकावं. आतापर्यंत त्यांनी ते नवऱ्याच्या वहीत, नवऱ्याच्या मराठीत वाचलं होतं.

"परसों ले गए ना अम्मा, प्रशांत साब," यादगिरी म्हणाला. "मैं बोला साब को."

सुशीलाबाईंना हसू आवरेना. त्यांचा जन्म याच शहरातला. एकोणिसाव्या वर्षी त्या परभणीला सून म्हणून गेल्या, आणि जाताना जे शब्द मागे राहिले त्यांतला हा एक. शेजारच्या खाला, म्हणजे मावशी, ओसरीवर बसून सांगायच्या की परसोंच तर माझा निकाह झाला, आणि तेव्हा त्यांच्या मांडीवर नातू असायचा. इथे कालच्या मागचं सगळं परसोंच. परभणीकर गुप्तहेराने त्याचं सरळ 'परवा' करून टाकलं होतं.

"कौनसा परसों?" त्यांनी विचारलं. "दिवाली के बाद का, के पहले का?"

"पहले का अम्मा. लाइटां लगाने कू ले गए."

सगळ्यांनी प्रशांतकडे पाहिलं. प्रशांतने निशिगंधाकडे पाहिलं. बाल्कनीत माळा लावायला आणली होती खरी, तो म्हणाला, नंतर परत ठेवली असेल असं वाटलं.

"ती शिडी?" निशिगंधा म्हणाली. "ती सोसायटीची आहे? मी तर तिला पांढरा रंग दिला. तिच्यावर अकरा कुंड्या आहेत माझ्या."

चार-पाच महिने शिडी त्यांच्या बाल्कनीत उभी होती. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला गेलेले एकनाथराव तिच्यावरच्या पुदिन्याचं कौतुक करून आले होते.

"शिडी आतल्याच माणसाकडे आहे, हा माझा तर्क खरा ठरला," एकनाथराव म्हणाले. असा तर्क त्यांनी केलाच नव्हता.

मग हशा झाला. पुदिना उन्हात ठेवावा की सावलीत यावर बोलणं सुरू झालं. खुर्च्या सरकू लागल्या.

"साब," यादगिरी खांबाजवळून म्हणाला. "मेरेकु जाना क्या, रहना?"

त्याचं काय ठरलं ते त्याला सांगायचं राहिलंय, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"रहना," हिम्मतराव घाईने म्हणाले. "रहनाच है."

"आणि तुम्ही माफी मागा," सुशीलाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

एकनाथरावांनी चष्मा पुसला. तत्त्वाने पाहिलं तर तसं करता येत नाही, ते म्हणाले. "माफी मागण्यात दुःख मला, एकाला. सुख यादगिरीला, एकाला. फिटंफाट. शून्यासाठी माणसाने उठावं का?"

"मला धरा त्यात," सुशीलाबाई म्हणाल्या. "मला अतोनात सुख होईल."

"काकू, मलाही," निशिगंधाने हात वर केला. प्रशांतनेही केला, पण त्याला तिने खाली करायला लावला आणि माफी मागण्यात त्याचा नंबर दुसरा आहे असं सांगितलं. मागच्या खुर्च्यांवरूनही हात वर गेले. हिम्मतरावांनी बिर्याणी विसरून दोन्ही हात वर केले.

एकनाथरावांनी सगळे हात नीट मोजले. दोनदा मोजले. मग पुस्तक खुर्चीवर ठेवून ते उठले आणि खांबाकडे चालू लागले.