हमीदची सही

हमीदच्या खिशाला कायम पेन असतं आणि त्यात रिफिल नसते. कुणी सहीसाठी कागद पुढं केला की हा ऐटीत पेन काढतो, दोनदा घासतो आणि म्हणतो, "चालत नाय. अल्लाची मर्जी."

कुवेतमध्ये, फरवानियात आम्ही दोघं एका खोलीत राहतो. तो श्रीवर्धनचा, एका गोदामात स्टोअरकीपर होता. मी सुतार, चौथी शिकलेला. तो आठवी, म्हणून कायदा सगळा त्याच्याकडं. "कायद्यात बसाय पायजे," हे दिवसातून दहादा. आंघोळीला आधी कोण जाणार, त्याचासुद्धा कायदा भिंतीवर चिकटवलाय.

गोदाम बंद पडलं. हमीदला काढलं. इतक्या वर्षांच्या नोकरीचे पैसे कंपनीनं तयार ठेवले. सही करायची, पैसे घ्यायचे, इथं राहायचा परवाना, इकामा, रद्द, घरी जायचं. हा सही करीना.

"अमेरिकेत माझ्या जावयाची नोकरी गेली. त्यानं कंपनीचे पैसे घेतले, तर सरकारनं बेकारीभत्ता अडकवला. म्हणाले, आधी ते पुरवून खा. मी काय येडा? आधी भत्ता, मग सही."

"अरे, ती अमेरिका. हे कुवेत."

"कायदा तो कायदा, शिवा."

शेवटी मीच खाडा करून त्याला ऑफिसात नेला. तिथला केरळी क्लार्क हसलासुद्धा नाही, दमलेला होता बिचारा. "चाचा, भत्ता कुवेती लोगों को मिलता है. अपने को टिकट मिलता है. पैसा लो, मत लो, भत्ता नहीं." महिनाअखेर सही झाली नाही तर इकामा संपेल, मग रोजचा दंड, हेही त्यानं सांगितलं. हमीदनं पेन काढलं, घासलं. क्लार्कनं स्वतःचं पुढं केलं.

"दुसऱ्याच्या पेनानं? कायद्यात बसत नाय."

परतताना बसमध्ये मी त्याला झापला. "गाढवा, घरी बायको आहे तुझी. वाट बघणारं माणूस असताना इथं..." माझी बायको दोन महिन्यांपूर्वी गेली. मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस उलटला होता. रिकाम्या घरात काय करू, म्हणून परत आलो.

काल हमीद आंघोळीला गेला आणि त्याचा फोन वाजला. मीच घेतला. फरीदाभाभी होती.

"भाभी, तुमचा नवरा भत्त्यापायी खुळा झालाय."

"कसला भत्ता, शिवाभाऊ? मिळत नाय ते त्यांना पहिल्यापासून ठावं. मला म्हणतात, शिवा ताटावर बसतो नि तसाच उठतो. पोटभर जेवाय लागला की सही करतो नि येतो."

मी फोन ठेवला.

हमीद आला, भात वाढला, माशाचा मोठा तुकडा माझ्याच ताटात टाकला. भूक नव्हती. तरी सगळं संपवलं आणि ताट पुढं केलं.

वाढता वाढता त्याचा हात थांबला. "कुणाचा फोन होता?"

"राँग नंबर," मी म्हटलं. "भात वाढ."