रेघेची जाडी

माझे सासरे कुठल्याही नव्या जागी गेले की पहिला प्रश्न विचारतात, "उत्तरेला कोण?"

हॅनोव्हरला आमच्या घरी ते पहिल्यांदा आले, तेव्हा अजून बूटही काढले नव्हते. दारातच उभं राहून विचारलं. मी म्हटलं, "फ्राउ क्रूगर."

"पूर्वेला?"

"रस्ता."

"दक्षिणेला?"

"सायकली ठेवायची शेड."

"पश्चिमेला?"

पश्चिमेला कोण राहतं हे सहा वर्षं त्या घरात काढूनही मला माहीत नव्हतं. "कमाल आहे," असं म्हणून अण्णांनी बूट काढले. दुसऱ्या दिवशी मी कामावरून परत आले, तर पश्चिमेचा तो जर्मन गृहस्थ आणि अण्णा आमच्या बागेत ओणवे होऊन मधल्या कुंपणाला टेप लावत होते. अण्णांना जर्मन येत नाही, त्याला मराठी येत नाही. दोघांचं लांबीवर एकमत झालं होतं.

अण्णा मोजणी खात्यात भूकरमापक होते. छत्तीस वर्षं त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या लोकांची शेतं मोजली, हद्दीचे दगड शोधले आणि भावाभावांच्या मध्ये उभं राहून दोघांच्याही शिव्या खाल्ल्या. निवृत्तीला दहा वर्षं झाली, पण स्टीलचा टेप अजून शर्टाच्या डाव्या खिशात असतो. त्यांचं एक पाऊल बरोबर अडीच फुटांचं आहे. बाजारात, देवळात, लग्नाच्या मांडवात ते त्याच पावलानं चालतात, आणि चालताना ओठ हलत असतात. लोकांना वाटतं, म्हातारा नामस्मरण करतोय.

जमीन मोजायचा अर्ज तीन प्रकारचा असतो. साधी मोजणी, तातडीची आणि अतितातडीची. अण्णांनी ही विभागणी सगळ्या जगाला लावली आहे. चहा ठेवते म्हटलं की विचारतात, "साधा का तातडीचा?" नवरा बाथरूमकडे निघाला तरी हेच विचारतात. ते स्वतः मात्र कायम 'साध्या'त बसतात. त्यांच्या तोंडून 'अतितातडीचं' हा शब्द स्वतःच्या कुठल्याही गोष्टीसाठी मी कधी ऐकला नव्हता. अपेंडिक्स दुखत होतं तेव्हासुद्धा "साधंच आहे" म्हणत ते दोन दिवस घरी बसले होते.

दुसरं वेड पेन्सिलीचं. आमच्या स्वयंपाकघरातल्या यादीची पेन्सिल ते रोज सकाळी ब्लेडनं तासून ठेवतात. एकदा मी बोथट पेन्सिलीनं 'कांदे' लिहिलं, तर त्यांना ते बघवेना. "बोथट पेन्सिलीनं गावनकाशावर रेघ मारली ना, तर त्या रेघेत जमिनीवर बैलगाडी उभी राहते. बैलांसकट," ते म्हणाले. मी म्हटलं, "अण्णा, हे कांदे आहेत." तर म्हणाले, "सवय सवय असते."

त्यांचं माझं नातं पहिल्या दिवसापासून हे असं. माझा बाप गवंडी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि त्याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. बाप जे सिमेंट कालवायचा त्याच्यावरच मी पीएच.डी. केली आणि आता इथल्या एका संस्थेत काँक्रीटला तडे का जातात ते शोधते. अण्णा मला बघायला आले तेव्हा माझ्या हातात सुवर्णपदकाची फाइल तयार होती. त्यांनी फाइलकडे बघितलंच नाही. विचारलं, "घराची चतुःसीमा सांग." मी चारही दिशा धडाधड सांगितल्या. ते माझ्या सासूबाईंकडे वळून म्हणाले, "पोरीला दिशा कळतात." लग्न ठरलं. त्या फाइलचा राग मला अजून आहे. पण पुढं त्यांनी मला 'डॉक्टर' अशीच हाक मारायला सुरुवात केली, ती आजतागायत. ही थट्टा आहे की मान, हे मी कधी विचारलं नाही.

जर्मनी त्यांना एका शब्दामुळे आवडली. तो शब्द म्हणजे 'गेनाऊ'. इथले लोक बोलताना दर दोन वाक्यांनी गेनाऊ म्हणतात, म्हणजे आपलं 'बरोब्बर'. अर्थ कळल्यावर अण्णा म्हणाले, "हा देश मोजणी खात्यानं वसवलेला दिसतो."

आता एक गोष्ट सांगायला हवी. यंदाच्या या मुक्कामाच्या तारखा अण्णांनी स्वतः दिल्या होत्या, आणि त्या तारखांच्या बरोबर मध्ये माधुरीचं लग्न येत होतं. माधुरी म्हणजे बापूकाकांची मुलगी. बापूकाका अण्णांचे धाकटे भाऊ. दोघांच्या वाटण्या झाल्या, वरचा तुकडा अण्णांना आणि खालचा बापूकाकांना आला, आणि मधल्या बांधावरून वाद लागला. मोजणी झाली. स्वतःची जमीन स्वतः मोजता येत नाही, म्हणून दुसऱ्या माणसानं मोजली. निकाल अण्णांच्या बाजूनं लागला. त्यांनी हद्दीचे दगड रोवून घेतले, आणि त्या दिवसापासून एकोणीस वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी बोललेले नाहीत.

लग्नाचं आमंत्रण करायला बापूकाका स्वतः आले नाहीत, पत्रिका पाठवली. अण्णांनी ती वाचली आणि माझ्या नवऱ्याला फोन करून सांगितलं, "मी परदेशात असणार आहे. तिकीट काढ."

लग्न आठ दिवसांवर आलं होतं. घरात तो विषय कोणी काढत नव्हतं. नवऱ्याला ऑफिसातून सुटका नव्हती, म्हणून मीच एक दिवस सुट्टी घेतली आणि अण्णांना बर्लिन दाखवायला निघाले. यादी माझी होती. आधी संसदेचा काचेचा घुमट, मग ब्रांडेनबुर्ग गेट, मग म्युझियम आणि कॅथीड्रल. आणि जमलंच तर भिंतीचा उरलेला तुकडा. तो माझ्यासाठी, काँक्रीट म्हणून.

यातलं आम्ही जवळजवळ काहीच बघितलं नाही.

गेटसमोर जगातल्या सगळ्या देशांचे लोक माना वर करून फोटो काढत होते. अण्णा खाली बघत होते. "डॉक्टर, हे काय आहे?" गेटच्या मागच्या बाजूला, डांबरी रस्त्याच्या मधोमध, घडीव दगडांची दुहेरी ओळ बसवलेली होती. मी म्हटलं, "भिंत होती ना, शहर दोन देशांत वाटलेलं होतं तेव्हाची. ती पाडली. ही ओळ म्हणजे ती कुठून गेली होती त्याची खूण."

अण्णांनी चष्मा पुसला. "म्हणजे भिंत पाडली आणि हद्द कायम ठेवली?"

"हो."

"शाबास," ते म्हणाले, आणि ओठ हलवत चालायला लागले.

"अहो अण्णा, गेट इकडं आहे!"

"गेट पळून जात नाही. ही रेघ कुठं जाते बघू."

ती रेघ झाडांच्या कडेनं गेली, पोट्सडामर प्लाट्झ चौकाच्या गर्दीत शिरली, ट्रॅफिक सिग्नल ओलांडून पलीकडे निघाली. अण्णा तिच्यावरून, मी त्यांच्या मागून. एक सायकलवाली घंटी वाजवत त्यांच्या अगदी अंगाजवळून गेली आणि जर्मनमध्ये काहीतरी बोलली. "काय म्हणाली?" "ही सायकलची वाट आहे म्हणाली." "तिला सांग, सरकारी काम चालू आहे."

एका ठिकाणी ओळ सरळ एका इमारतीखाली गेली. अण्णा थांबले, भिंतीवर बोट वाजवून म्हणाले, "अतिक्रमण." मग वळसा घालून पलीकडे ती परत सापडेपर्यंत त्यांच्या जिवाला चैन नव्हतं.

पुढं भिंतीचा खरा तुकडाही लागला. माझे डोळे भरून आले, कारण काँक्रीट खरोखर वाईट होतं आणि तरी उभं होतं. पण त्याला हात लावता येत नाही. लोक टवके काढून नेतात म्हणून भोवती जाळी लावली आहे. अण्णांनी ती जाळी पाहिली आणि त्या दिवसातलं पहिलं हसू त्यांच्या चेहऱ्यावर आलं. "भिंतीलाच कुंपण! हद्दीला हद्द घातली."

खरा घोटाळा त्याच्या पुढच्या रस्त्यावर झाला. अण्णांनी सूर्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि विचारलं, "ह्यातलं पूर्व बर्लिन कुठलं?"

मी नकाशा काढला. "रेघेच्या ह्या बाजूचं."

"ही उत्तर आहे."

"हो, पण इथं भिंत वळली होती. त्यामुळे इथं पूर्व उत्तरेला येते."

"पूर्व उत्तरेला येत नाही, डॉक्टर. असं कुठल्याही खात्यात चालत नाही. लगतदारांना विचार."

लगतदार म्हणजे हद्दीला लागून ज्यांची जमीन असते ते. मोजणीच्या वेळी त्यांना नोटीस देऊन हजर ठेवावं लागतं. इथं तर कॉफीचे कप घेऊन दोन पोरी चालल्या होत्या. मी त्यांना थांबवून विचारलं, पूर्वेची बाजू कुठली? एकीनं उजवीकडे बोट केलं. दुसरीनं डावीकडे. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि जोरात हसायला लागल्या. एक म्हणाली, "माफ करा, आम्ही इथंच राहतो, पण कधी लक्षातच घेतलं नाही." आणि हसत हसत ती ओळ ओलांडून गेल्या.

मी अण्णांना सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील. ते दगडांकडे बघत राहिले.

"लगतदारांनाच माहीत नाही?"

"नाही."

मग त्यांनी खिशातून टेप काढला, गुडघ्यावर हात टेकून खाली बसले आणि त्या दुहेरी ओळीची रुंदी घेतली. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. मागं एक मोटार थांबली होती. मी हात जोडून ड्रायव्हरला दोन मिनिटं मागितली.

"सव्वा फूट," अण्णा म्हणाले.

त्यांना उठवून मी जवळच्या बाकावर बसवलं. दशम्यांचा डबा उघडला, चटणी वाढली. ते खाईनात. टेप उघडत होते, मिटत होते.

"आमचा वाद सव्वा फुटाचाच होता," ते म्हणाले.

एकोणीस वर्षांत त्यांनी हा आकडा घरात कधी सांगितला नव्हता. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, निदान गुंठाभर तरी जमीन असणार.

"निकाल बरोबर होता. दगडही बरोबर जागी आहेत. मी स्वतः तपासलंय." टेप मिटून म्हणाले, "पण मूळ गावनकाशा ज्यानं काढला त्याच्या पेन्सिलीची रेघच जमिनीवर दहा-बारा फुटांची होते. बापूला हे कळणं शक्य नव्हतं. तो शेतकरी माणूस. मला माहीत होतं. मोजणीच्या आधीच माहीत होतं."

"मग?"

"मग काय? रेघेच्या आत भांडलो आम्ही."

पासपोर्टच्या पाकिटातून त्यांनी एक घडी काढली. माधुरीची पत्रिका. कडा मऊ झाल्या होत्या, म्हणजे बरेचदा उघडलेली. खाली 'आपले विनीत' म्हणून घरच्यांची नावं होती, आणि सगळ्यांच्या वर, एकट्या ओळीत, अण्णांचं.

"माझं नाव बापूच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात आहे," ते म्हणाले. "मोजलं मी. दीडपट आहे."

मी म्हटलं, "छापखान्यात सांगावं लागतं तसं. आपोआप होत नाही."

"तेच."

समोरून एक बाई बाबागाडी घेऊन गेली. चाकं दगडांवरून जाताना दोनदा खडखड वाजली, तेवढंच. अण्णा ऐकत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "डॉक्टर, ते परतीचं तिकीट... अलीकडचं करून मिळतं का?"

"मिळतं की. साधं का तातडीचं?"

हा प्रश्न त्यांना आजवर दुसऱ्या कोणी विचारला नसावा. ते उत्तर न देता उठले, फोन काढला आणि डोळ्यांपासून लांब धरून नावं शोधायला लागले. मी मागून बघितलं. 'बापू' असं नाव नव्हतंच. 'लगतदार, दक्षिण' असं होतं. एकोणीस वर्षांत दोन तरी फोन बदलले असतील त्यांनी. प्रत्येकात ते नाव नव्यानं घातलेलं.

पलीकडे बराच वेळ रिंग वाजली. मग कोणीतरी उचलला. अण्णांनी घसा साफ केला.

"हॅलो. मी बोलतोय. उत्तरेचा."

पुढं पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. अण्णा "हं" म्हणत होते, मधेच "अरे, रडतोस काय गाढवा" म्हणाले, आणि त्यांचा स्वतःचाच आवाज चिरकला. "मांडव कुठं घालणार? पूर्वेला तोंड कर, दुपारचं ऊन येत नाही. नाही, नाही, तू नको मोजूस, मी आल्यावर मोजतो." बोलता बोलता ते येरझाऱ्या घालत होते. त्या दगडांवरून चारदा इकडून तिकडे गेले. ओठ फक्त बोलण्यासाठी हलत होते, आणि पाऊल कुठंही पडत होतं.

फोन ठेवून ते परत बाकावर आले. रुमालानं तोंड पुसलं, डबा मांडीवर ओढला, दशमीचा तुकडा मोडून चटणीला लावला.

"अतितातडीचं," ते म्हणाले.