मान वर करायची नाही

एका जंगलात एका सकाळी गवत सळसळलं आणि कोणीच मान वर केली नाही.

मुलांनो, तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. अबोलीला वाटलं. अबोली भेकर होती, म्हणजे हरणाच्याच जातीची, पण लहानखुरी. बिबट्याचा वास आला की भेकराने कुत्र्यासारखं भुंकायचं आणि बाकीच्यांनी पळायचं, अशी त्या जंगलात पूर्वीपासून वाटणी होती. अशा मुलीचं नाव आईबापांनी अबोली का ठेवलं, ते त्यांनाच ठाऊक.

पण हल्ली जंगलात गोल्फ आला होता.

शिकवायला बगळे सर होते. तासन्‌तास उभं राहूनही त्यांचं डोकं हलत नसे. एवढ्या पात्रतेवर त्यांची नेमणूक झाली होती.

"फटका कशाने बिघडतो?" सर विचारायचे.

"मान उचलल्याने," सगळे म्हणायचे.

"आणि?"

"डावं कोपर वाकवल्याने."

"छान. चेंडू गेला तरी नजर तो होता तिथेच. ज्याला मान हवा, त्याने मान हलवायची नाही."

हे वाक्य सर्वांना फार आवडलं. रानडुकराला मुळात मान वळवताच येत नाही, त्यामुळे पहिलं पदक त्याला मिळालं. टेहळणीची माकडंसुद्धा झाडावरून उतरून शिकायला रांगेत उभी राहिली.

राहता राहिली हेमाताई. ही चितळ. अबोलीची आई गेल्यापासून हिनेच तिला सांभाळलं होतं. हेमाताईचा फटका नेहमी उजवीकडे भरकटायचा, कारण जरा खुट्ट झालं की तिचे कान उभे राहायचे आणि कानांबरोबर डोकं. आज मात्र तिला जमत होतं. मैदानाच्या कडेला, उंच गवताजवळ, ती मागच्या दोन पायांवर उभी होती. मान खाली, डावा हात सरळ, काठी खांद्यामागे.

उंच गवत मुद्दाम राखलेलं होतं. खेळात ते लागतं, असं सर म्हणाले होते.

"ताई, गवतात कोणीतरी आहे," अबोली म्हणाली.

"मागून कोणी खेळत येत असेल. पुढे जा म्हणावं त्यांना."

"अगं, वास येतोय."

"तुला कधी येत नाही? परवा वाळकं पान पडलं तरी भुंकलीस. माझा चेंडू ओढ्यात गेला."

हे खरं होतं. अबोली कशालाही दचकायची. त्यामुळे तिचं तिलाही नक्की सांगता येईना. ती गवताकडे बघत राहिली. मग गवतातून एक शेपटी वर आली. ठिपक्यांची.

अबोली भुंकली.

"फटक्याच्या वेळी शांतता," बगळे सर म्हणाले. त्यांनी मान न हलवता पंख उघडले आणि ते समोरच्या अर्जुनाच्या झाडावर जाऊन बसले.

"ताई, सर उडाले."

"वरून त्यांना माझं कोपर नीट दिसत असेल."

"ताई, पळ ना गं."

"हात सरळ ठेवून पळता येतं का? काहीतरीच तुझं. आणि आता बोलू नकोस, बाई. आज पहिल्यांदा डोकं जागेवर राहिलंय."

अबोलीने रांगेतल्या माकडांना हाक मारली. रानडुकराला मारली. सगळ्यांच्या नजरा आपापल्या चेंडूवर होत्या. मग घशात होता नव्हता तेवढा आवाज काढून ती ओरडली, "अहो, कोणीतरी ऐका."

"ऐकतोय," गवतातून बिबट्या अगदी हळू म्हणाला. "जरा दम धर, बाळ. ताई फटका मारतायत."

तात्पर्य : मान खाली आणि हात सरळ ठेवला, तर फटका हमखास सरळ जातो. आरडाओरडा करणारे खेळाचा विचका करतात. खेळाचे शिष्टाचार शिकायचे असतील, तर गवतात बसलेल्यांकडून शिकावेत.