उपदेशात गेलेली शेगडी

"परदेशी सेवेला निघालेल्या माणसाला सामानाचा मोह नसावा," पाळकसाहेब रविवारच्या उपदेशात गरजले. "आमच्या घरात जे आहे ते तुमचंच समजा!"

मंडळींनी समजून घेतले. संध्याकाळपर्यंत शेगडी, खाटा, कपाट, आरामखुर्ची सगळे आशीर्वादासह घराबाहेर पडले. सोमवारी सकाळी मिशनच्या सचिवांचा फोन आला. व्हिसा लांबला होता.

"आता स्वयंपाक कशावर करू?" पाळकीणबाईंनी विचारले. "तुमच्या उपदेशावर?"

"परत कोणत्या तोंडाने मागू?"

"ज्या तोंडाने देऊन टाकलंत, त्याच!"

फोनवर आणखीही एक गोष्ट निघाली होती. सचिव स्वतः भेटायला येणार होते. "व्यासपीठावर तुम्ही उत्तम बोलता," ते म्हणाले होते, "पण तिथे व्यासपीठ नाही. अनोळखी लोकांच्या घरात बसावं लागेल. जमणार नसेल तर दुसऱ्या कुटुंबाला पाठवू." शंका रास्त होती. भरल्या चर्चमध्ये गर्जणारे पाळकसाहेब कुणाच्या घरी गेले की "बरंय ना?" एवढे विचारून पंख्याकडे बघत बसत. आणि परदेशी सेवेच्या या बोलावण्याची तर नवरा-बायको लग्नापासून वाट पाहत होते.

तोडगा मुलीने काढला. "मागायचं कशाला, पप्पा? गाठीभेटींना जायचं. जिथे आपली शेगडी, तिथे जेवायच्या वेळेला."

शेगडी शिंप्याकडे होती. पाळकसाहेब पंख्याकडे बघत असतानाच आतून शिंपीणबाई कडाडल्या, "अहो, ही मेली पेटेल तर शपथ! फुकटचं असंच असतं!"

शिंप्याने जीभ चावली. पाळकसाहेब मात्र सुटका झाल्यासारखे उठले. "लाडावलेली आहे ती. बटण दाबून धरा, फिरवा, आणि बाजूने एक चापट." शेगडी पेटली. तिथेच ओट्याशी शिंपीणबाई भावाशी झालेल्या भांडणाचे सांगू लागल्या. पाळकसाहेब बटाटे सोलत ऐकत राहिले.

बातमी पसरली. कपाट उचलून धरल्याशिवाय उघडत नव्हते, खाट रात्री कण्हत होती. सामान नेलेल्या प्रत्येक घरातून बोलावणे येऊ लागले. हातात पाना असला की पाळकसाहेबांना पंख्याची गरज पडेना. कुटुंब आज इथे जेवे, उद्या तिथे.

"मिशन इथेच सुरू झालं म्हणायचं," पाळकीणबाई म्हणाल्या. "भिक्षेचं!"

आरामखुर्ची निवृत्त पोस्टमनकाकांकडे गेली होती. बायको गेल्यापासून त्यांनी सांत्वनाला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवले होते. शेजाऱ्यांनी परस्पर खुर्ची आत ठेवली, एवढेच.

"खुर्चीला काही झालेलं नाही," काका दारातच म्हणाले.

पाळकसाहेबांची पंचाईत झाली. हातात काम नाही आणि मागे फिरणेही सुचेना. ते आत जाऊन जमिनीवर बसले. खुंटीला बायकी छत्री टांगलेली होती. पाळकसाहेब पंख्याऐवजी तिच्याकडे बघत बसले.

"तिची आहे," शेवटी काका म्हणाले. "जो येतो तो म्हणतो, आवरून ठेवा, मन घट्ट करा. तुम्ही बरे. तुम्हाला काही सुचतच नाही."

मग त्यांनी चहा टाकला.

"काय बोललात त्यांच्याशी?" घरी पाळकीणबाईंनी विचारले.

"काहीच नाही."

"देवा रे! आणि उद्या सचिव यायचेत!"

सचिव आले. खुर्ची नव्हती, म्हणून शेजारून आणलेल्या चटईवर गुडघे सावरत बसले. पाळकसाहेबांनी रात्रभर पाठ केलेली वाक्ये ऐन वेळी पळाली. दाराआडून पाळकीणबाई हातवारे करत होत्या: बोला, बोला!

सचिवांची नजर मोकळ्या भिंतींवरून फिरली. "मुलगा वेगळा राहायला गेला ना," ते अचानक म्हणाले, "तेव्हा आमचं घर असंच दिसायचं. सामान होतं तसंच होतं. तरी असंच."

पाळकसाहेबांनी मान हलवली. सचिव बोलत राहिले. मुलाचे लहानपण झाले, भांडण झाले, अबोला झाला. शेजारून आणलेला चहा निवला, शेजारीच पुन्हा गरम होऊन आला आणि पुन्हा निवला. शेवटी चष्मा पुसून ते उठले.

पाळकीणबाईंना राहवेना. "साहेब, तुमचे प्रश्न राहिले की!"

"कसले प्रश्न? व्हिसा आला की निघा."

बूट घालताना मात्र ते उगाचच रेंगाळले.

"पण त्याआधी मी एकदा येईन म्हणतो," हळूच म्हणाले. "माझं अर्धंच सांगून झालंय."