आबाजीपंतांचा भाडेकरू

आमच्या वाडीतील आबाजीपंतांच्या घरी एक भाडेकरू राहत असे, आणि त्याला कोणीही कधी पाहिले नव्हते. पंतांनीही नाही. तरी ओटीवर कोणी मोठ्याने बोलू लागले, की पंत ओठांवर बोट ठेवून सांगत, "हळू. वरचे गृहस्थ निजले आहेत." नवख्या पाहुण्याने "कोण गृहस्थ?" असे विचारले, की पंत प्रसन्न होत. "तेच तर मी मुन्शिपाल्टीला विचारतो आहे," असे म्हणून ते पानाचा डबा पुढे सरकवीत.

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये; पंतांची बुद्धी खणखणीत होती. गिरगावातले ते माडीचे घर त्यांच्या वडिलांनी बांधलेले. त्यात आता पंत आणि त्यांची पत्नी राधाकाकू राहत. भाड्याने तेथे कोणी कधीच राहिले नव्हते. परंतु घरपट्टीच्या कायद्याला त्याचे काय? मालक स्वतः राहत असला, तरी ते घर एखाद्या भाडेकरूला दिले असते तर सालीना वाजवी भाडे किती आले असते याचा अदमास करावा, डागडुजीसाठी त्यातला दहावा हिस्सा सोडावा, आणि उरलेल्या रकमेवर पट्टी बसवावी, असा तो कायदा. न्यायशास्त्र शिकताना अविद्यमान वस्तूंची उदाहरणे म्हणून सशाचे शिंग आणि आकाशातले फूल ही आम्ही पाठ केली होती. सरकारने त्यांत आणखी एकाची भर घातली आणि त्याचे भाडेही ठरविले, हे पाहून मला आमच्या शास्त्रकारांविषयी थोडे वाईट वाटले.

पंतांना वाईट वाटत नसे, चीड येई. ती पैशासाठी नव्हे. पट्टी ते मुदतीच्या आत भरीत. "माझ्या घरात कोण राहतो हे मी सांगेन," ते म्हणत, "सरकारने सांगायचे नाही." आणि लगेच त्यांचे ठरलेले वाक्य येई : "माणूस दाखवा, मग आकडा लावा."

आकारणीचा कारकून घर मोजायला येई, तेव्हा पंत स्वतः फितीचे एक टोक धरीत. एकदा माडीच्या जिन्यावर त्या बिचाऱ्याचे कपाळ तुळईवर आपटले.

"लागले का हो?" पंतांनी कळवळून विचारले.

"थोडेसे."

"मग आता सांगा, ह्या जिन्याचे वाजवी भाडे काय?"

"पंत, कायद्यात कपाळे धरीत नाहीत," कपाळ चोळीत कारकून म्हणाला.

"म्हणजे तुमचा भाडेकरू बुटका आहे. तसे लिहून घ्या."

स्वयंपाकघरातून राधाकाकूंचा आवाज आला, "अहो, त्या बुटक्याला म्हणावे, भाडे तुंबले आहे. इथे तूरडाळ संपली."

एके वर्षी आकारणी बरीच वाढली. पंतांनी तक्रार गुदरली आणि सुनावणीला शेजारी म्हणून मला साक्षीस नेले. मी जन्मात कचेरीची पायरी चढलो नव्हतो. पण न पाहिलेल्याविषयी अधिकाराने बोलणे हा आम्हा शास्त्र्यांचा परंपरागत व्यवसाय, तेव्हा फारसा संकोच वाटला नाही.

तक्रारी ऐकणारे साहेब पारशी होते, वयस्क आणि सौम्य. पंतांनीच मला विचारले, "शास्त्रीबोवा, माझ्या घरी भाडेकरू पाहिला आहे काय?"

"नाही," मी म्हणालो, "आणि ईश्वराला स्मरून सांगतो, त्याचे खोकणेही ऐकलेले नाही."

साहेब हसले. "अरे पंत, दर साल तुमी येते, दर साल मी सांगते. कायदा मी नाय लिवला. भाडेकरू फक्त धरायचा."

"मग धरा आणि घेऊन जा."

साहेबांनी कागद चाळले. "थांबा, तुमच्या फायद्याचे सांगते. माडीवरची मागली खोली बंद असते, असे कारकुनाने लिवलाय. खोली रिकामी असेल तर तिची पट्टी सुटते. रिकामी आहे एवढी लिहून सही करा. आकडा मागल्या सालापेक्षा खाली येईल."

कारकुनाने टाक पुढे केला. इतक्या वर्षांनी पंत जिंकले होते. त्यांनी टाक घेतला नाही.

"खोली रिकामी नाही," ते म्हणाले.

"कोण राहते?"

"माझा धाकटा भाऊ, विनायक."

"पण पंत," कारकून चाचरत म्हणाला, "मी मोजली तेव्हा आत कोणी नव्हते."

"बाहेर गेला आहे."

"कुठे?"

"झांजिबारास. एका पेढीवर."

साहेबांनी हळूच विचारले, "कागद येते त्याचा?"

"येत नाही." पंत उठून उभे राहिले. "साहेब, ज्याला कोणी जन्मात पाहिले नाही, त्याला तुम्ही माझ्या घरात बिऱ्हाड दिलेत. विनूला मी ह्या हातांनी न्हाऊ घातले आहे. निजेत तो दात खातो, ते भिंतीपलीकडून मला ऐकू येत असे. तो राहत नाही, असे मी लिहून देऊ? वाढवलेला आकडा तसाच ठेवा. सगळी पट्टी भरतो."

साहेबांनी कागद कारकुनापुढे सरकवला. मग त्याला म्हणाले, "लिव. राहते."

आम्ही पायीच परतलो. विनायकाला जाऊन त्या वर्षी एक तप पुरे झाले होते. परदेशी गेलेल्याची बारा वर्षे वार्ता आली नाही, तर पळसाची आकृती करून तिला अग्नी द्यावा आणि उत्तरक्रिया करावी, असे शास्त्र आहे. पंतांना हे समजावण्याचे काम नातलगांनी माझ्यावर सोपवले होते, आणि सुनावणीत त्यांच्या मनासारखे झाले तर वाटेत विषय काढावा, असे मी योजले होते. ठाकुरद्वारापाशी पंतच थांबले.

"बारा वर्षांचे तुम्ही मला सांगणार होतात ना?"

"हो."

"काय म्हणते शास्त्र?"

वचन स्पष्ट आहे. धर्मशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ते ठाऊक असते.

"समुद्रापार गेलेल्याविषयी मतभेद असावेत," मी म्हणालो. "ग्रंथ पाहावे लागतील."

"पुष्कळ आहेत का ग्रंथ?"

"पुष्कळ."

"मग नीट पाहा," पंत म्हणाले. "घाई करू नका." आणि ते माझ्यापुढे झपझप चालू लागले.

त्यांचे नातलग अजून मला अधूनमधून विचारतात. ग्रंथ पाहतो आहे, असे मी सांगतो.