इस्त्रीच्या नाकाएवढं ठिगळ

लग्नासाठी हॉल हवा असेल, तर नवरी आपल्या विभागाच्या परंपरेप्रमाणेच नटणार असल्याचा दाखला अर्जासोबत जोडावा लागे. नियम साधा होता आणि त्याला कुणाचीच हरकत नव्हती. परंपरा टिकली पाहिजे हे सगळ्यांनाच मान्य असतं. दाखल्यासाठी खेटे मात्र घरातल्या एकाच माणसाला घालावे लागतात. या घरात असली कामं आई करायची. ती गेल्या हिवाळ्यात गेली. म्हणून नवरीच निघाली.

घरात तिला 'धाकटी' म्हणत. थोरलं भावंड कुणीच नव्हतं. थोरली म्हणजे तिची आई, असा बाबांचा हिशेब. धाकटीची मागणी फार नव्हती. आईची लग्नातली शेवाळी रंगाची, गाजरी काठांची साडी नेसायची, आणि आई नेसली होती अगदी तशीच नेसायची. सोबत साडी, आईच्या लग्नातला फोटो आणि बोलायला मावशी होती.

वधूवेश परंपरा पडताळणी कक्षात भिंतीवर मोठा नकाशा होता आणि काचेच्या कपाटात बाहुल्या. एक घागरेवाली, एक नऊवारीवाली, एक सोनेरी काठांच्या पांढऱ्या साडीतली. प्रत्येकीचा विभाग वेगळा, चेहरा मात्र सगळ्यांचा एकच, कारण कंत्राटदार एकच होता.

पडताळणी अधिकाऱ्यांनी फोटोवर भिंग धरलं.

"पदर उजव्या खांद्यावर. निऱ्या उलट्या. हे कुठल्या विभागाचं?"

"आईचं," धाकटी म्हणाली.

"आई कुठल्या विभागाच्या?"

"नदीच्या अलीकडच्या."

"अलीकडे पदर डाव्या खांद्यावर असतो. उजव्या खांद्यावरचे पदर पलीकडचे, पण ते पुढे येतात. हा मागे गेलाय." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "आईंना घेऊन या."

"ती वारली."

"अरेरे," अधिकारी नरमले. "म्हणजे परंपरा खंडित."

इतका वेळ तोंडाला पदर लावून बसलेल्या मावशीला आता राहवेना.

"अहो साहेब, कसली डोंबलाची परंपरा! लग्नाच्या दिवशी सकाळी ताईने साडीला स्वतः इस्त्री केली. दुसऱ्याच्या हाती देईल तर शपथ! तेवढ्यात दारात शेजारीण आली, ही बोलत उभी राहिली, आणि साडी जळली. ऐन निऱ्यांच्या जागी! मग ब्लाउजच्या उरलेल्या कापडाचं ठिगळ लावलं, आणि ते आत दडावं म्हणून साडी उलटी नेसली. जो विचारेल त्याला दिवसभर तोंड वर करून सांगत होती, 'आमच्याकडे असंच असतं.'"

अधिकाऱ्यांचा पेन थबकला.

"शेवटचं वाक्य पुन्हा सांगा."

"आमच्याकडे असंच असतं."

"मग हे आधी नाही का सांगायचं!" अधिकारी ताठ बसले. "नेसणारीचाच जबाब आहे. नकाशात ही पद्धत नाही, म्हणजे एकतर तुमच्या आई चुकल्या किंवा कक्ष चुकला. मृत व्यक्तीला चूक ठरवणं बरं दिसत नाही, आणि कक्षाला चूक ठरवणं शक्य नाही. सबब, ही परंपरा दुर्मिळ आहे."

"पण साडी जळली होती हो!" मावशी म्हणाली.

"त्याची नोंद घेतली आहे."

दाखला मिळाला. त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "थोरली असती तर पोट धरून हसली असती," आणि स्वतःच हसले. हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

इकडे प्रकरण तज्ज्ञ समितीकडे गेलं. जळण्याला समितीने 'अग्निस्पर्श' असं भारदस्त नाव दिलं आणि ही पद्धत संपूर्ण विभागाला लागू करण्याची शिफारस केली. कपाटात नवी बाहुली आली, चेहरा तोच. दुकानदार कोऱ्या साड्या जाळून विकू लागले. ज्यांना ते परवडेना, त्यांच्यासाठी छापील ठिगळ निघालं. हौशी आयांनी ठिगळाला मोती लावले आणि स्वतःच्या साड्यांनाही तशीच ठिगळं लावून घेतली. मग तपासनिसांनी अडचण कळवली, की ठिगळ निऱ्यांच्या आत असल्याने पाहता येत नाही आणि पाहायला जावं तर नवरीकडचे अंगावर धावून येतात. तेव्हा परिपत्रक निघालं: ठिगळ यापुढे दर्शनी भागात असावं.

लग्नाच्या दिवशी मावशीने धाकटीला साडी नेसवली. पदर उजवा, निऱ्या उलट्या, ठिगळ आत. हॉलच्या दारात तपासनीस उभा होता, शेजारी बाहुली.

"ठिगळ कुठंय?"

"आत आहे."

"आत चालत नाही, ताई. परिपत्रक वाचलं नाहीत?"

"अहो, हीच ती साडी. ज्या फोटोवरून तुमची परंपरा निघाली, त्यातली नवरी म्हणजे माझी आई."

"असेल हो, मी कुठे नाही म्हणतोय? पण बाहुलीकडे बघा, आणि स्वतःकडे बघा." त्याने आवाज उतरवला. "कशाला वाद घालताय? सरळ नेसलात की येईल ठिगळ समोर. नाहीतर चिकटवायचं मिळतं तिथे कोपऱ्यावर."

धाकटीने निऱ्यांवर हात ठेवला. कापडाखाली ठिगळाची कड बोटांना लागत होती. आईचे टाके बारीक, पण घाईचे.

"माझ्या आईने जे दिवसभर कुणाच्या नजरेस पडू दिलं नाही," ती म्हणाली, "ते मी चारचौघांत मिरवणार नाही."

नवरदेवाने बाहुलीकडे पाहिलं, मग नवरीकडे. "पायऱ्यांवर ऊन छान पडलंय," तो म्हणाला.

लग्न हॉलच्या पायऱ्यांवर लागलं. हॉल रिकामाच राहिला. आलेल्या बायका आपापली मोत्यांची ठिगळं सावरत एकमेकींच्या कानात कुजबुजल्या, "साडी तेवढी आईची नेसली. परंपरा नाही हो पाळली!"

त्या लग्नाचा फोटो पुढे सगळीकडे फिरला. तुमच्याकडेही आला असेल. तुम्ही तो दोन बोटांनी मोठा केलात, निऱ्यांपाशी थांबलात, ठिगळ शोधलंत. सापडलं नाही तेव्हा शेजारी बसलेल्या लेकीला म्हणालात, "तुझ्या वेळी असलं काही चालायचं नाही हं. आमच्याकडे पहिल्यापासून असंच असतं."